समुद्राचं पाणी ज्वालामुखीपर्यंत कसं मुरतं

लांज्याकडच्या एका शिक्षिकेने विचारलं आहे: "नववीच्या वर्गात अंदमानच्या बॅरन बेटाचा ज्वालामुखी शिकवत होते. समुद्रतळ दुसऱ्या भूपट्टाखाली सरकतो, वितळतो आणि वर येऊन ज्वालामुखी होतो, असं मी सांगितलं. एक मुलगा म्हणाला, 'बाई, आपला काळा दगडपण लाव्हाचाच, समुद्राचा तळपण तसल्याच दगडाचा. मग बॅरनचा दगड वेगळा कसा? आणि उन्हवऱ्याच्या कुंडातलं गरम पाणी तिकडूनच येतं का?' नेमकं काय सांगू?"

बाई, त्या मुलाला आधी शाबासकी द्या. त्याने विचारलेल्या पहिल्या प्रश्नावर माझी नोकरीची तीस वर्षं गेली आहेत. दगड फोडायचे, दळायचे, आम्लात विरघळवायचे आणि त्यात कोणतं मूलद्रव्य किती आहे ते मोजायचं, हाच माझा धंदा.

तुमच्या वाक्यातला "वितळतो" हा शब्द मात्र खोडा. खाली सरकणारा समुद्रतळ बहुतेक ठिकाणी फारसा वितळत नाही. कोट्यवधी वर्षं समुद्राखाली पडून तो निवलेला असतो. वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने तो प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या तापलेल्या पण घन दगडाच्या थरात, शिरतो, आणि दगड उष्णतेचा इतका वाईट वाहक आहे की शंभर किलोमीटर खोल गेला तरी भोवतालच्या मानाने तो गारच राहतो. वितळतं ते त्याच्या डोक्यावरचं प्रावरण. तेही आच वाढल्यामुळे नाही, तर भिजल्यामुळे. एखाद्या व्यवहारात काही गडबड वाटली की आपण म्हणतो, "कुठेतरी पाणी मुरतंय." इथे ते अक्षरशः खरं आहे. तेव्हा पाणी कुठे आणि कसं मुरतं तेवढं धरून चला.

सुरुवात समुद्राच्या तळाशी होते. महासागरांच्या मध्यावर, जिथे तळ उकलून नवा बेसाल्ट, म्हणजे आपल्या काळ्या दगडासारखाच लाव्हाचा दगड, बाहेर येतो, तिथे समुद्राचं पाणी भेगांतून आत शिरतं, तापतं आणि पुन्हा वर उसळतं. १९७९ साली पूर्व पॅसिफिकच्या तळाशी काळा धूर ओकणारी अशी धुराडी पहिल्यांदा दिसली. तिथलं पाणी ३५० अंशांच्या पुढे होतं, आणि वरच्या अडीच किलोमीटर पाण्याच्या दाबामुळे ते उकळून वाफ होत नव्हतं. पण धुराड्यांचा हा तमाशा थोड्या जागेत आणि थोडा काळ चालतो. खरी मुरवणी पुढची कोट्यवधी वर्षं, कोमट पाण्यात, गुपचूप चालू राहते. बेसाल्टमधली काच कुजून चिकणमाती होते, बुडबुड्यांच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि हिरवट खनिजं भरतात. आणि समुद्राच्या पाण्यातलं पोटॅशियम, रुबिडियम, सीझियम, बोरॉन, युरेनियम असं बरंच काही दगडात जाऊन बसतं.

मुलांना हे दाखवायला समुद्रात बुडी मारायला नको. तुमच्याकडे कुठे विहीर खणत असतील तर बाहेर काढलेले काळे धोंडे फोडून पाहा. पोकळ्यांत पांढरे स्फटिक आणि त्यांच्या कडेला शेवाळासारखा हिरवा लेप दिसेल. आपल्या बेसाल्टमध्ये नंतर मुरलेल्या पाण्याची ती खूण. समुद्रतळाच्या बेसाल्टमध्ये हेच घडतं, फक्त खारं पाणी वापरून आणि कितीतरी मोठ्या प्रमाणावर.

सुमारे सात किलोमीटर जाडीच्या या बेसाल्टी कवचावर गाळाची चादर साठते. खंदकाजवळ, म्हणजे जिथे समुद्रतळाचा पट्ट दुसऱ्याखाली शिरतो त्या खोल चरापाशी, पट्ट वाकायला लागला की त्याला खोल भेगा पडतात. त्यांतून पाणी थेट कवचाखालच्या प्रावरणापर्यंत उतरतं आणि तिथल्या ऑलिव्हिन या हिरव्या खनिजाचं सर्पेंटाइन हे पाणी धरून ठेवणारं खनिज होतं. शंभर किलो सर्पेंटाइनमध्ये सुमारे तेरा किलो पाणी स्फटिकाच्या रचनेत बांधलेलं असतं. हात लावला तर दगड कोरडा ठणठणीत.

हा सगळा ओला माल खाली जायला लागला की दाबाने पाणी सुटू लागतं. सगळ्यात आधी सुटतं ते गाळातलं मोकळं पाणी. याचं जवळचं उदाहरण आपल्याच अरबी समुद्राच्या उत्तर टोकाला आहे. मकरानच्या किनाऱ्याखाली, म्हणजे इराण आणि बलुचिस्तानच्या दक्षिणेला, या समुद्राचा वायव्येकडचा तळ उत्तरेकडे सरकत खाली जातो. हिंगलाज देवीच्या यात्रेत लागणारा चंद्रगूप हा चिखलाचा डोंगर, जिथे यात्रेकरू नारळ वाहतात, तो याच दाबल्या जाणाऱ्या गाळातून वर आलेला चिखल आणि वायू. त्यात लाव्हा नाही. खरे ज्वालामुखी, इराणमधला तफ्तान वगैरे, तिथून शेकडो किलोमीटर उत्तरेला आहेत, कारण तिथला तळ फार तिरपा न होता उथळ सरकत जातो आणि पुरेशी खोली गाठायला त्याला लांबचा पल्ला मारावा लागतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे याच मकरानला ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत पोचल्या. कोकणाला सबडक्शन, म्हणजे एका पट्टाचं दुसऱ्याखाली सरकणं, हा शब्द परका वाटतो, पण त्याचा हिसका आपल्या किनाऱ्याने घेतलेला आहे.

अजून खाली, पण ज्वालामुखींच्या रांगेच्या बऱ्याच अलीकडे, सुटलेलं पाणी वरच्या पट्टाच्या थंड कोपऱ्यात शिरून तिथल्या प्रावरणाचं सर्पेंटाइन करतं. पश्चिम पॅसिफिकमध्ये मारियाना खंदकाजवळ हा सर्पेंटाइनचा चिखल समुद्रतळावर उफाळून येतो, त्याचे डोंगर झाले आहेत. तिथे भोक पाडून काढलेल्या पाण्याचा पीएच १२.५ पर्यंत भरला, म्हणजे चुन्याच्या निवळीइतकं जहाल. खाली गेलेल्या पट्टातून सुटलेलं पाणी इतकं थेट हातात येण्याची जागा दुसरी क्वचितच असेल.

आता मुख्य खोली, साधारण शंभर किलोमीटर. जगातल्या बहुतेक अशा ज्वालामुखींच्या बरोबर खाली पट्टाचा पृष्ठभाग एवढ्याच आसपास असतो. तिथवर बेसाल्टचं रूप पालटलेलं असतं. पाणी धरून ठेवणारी खनिजं एकामागून एक मोडतात आणि उरतो तो एक्लोजाइट: तांबडं गार्नेट, हिरवं पायरॉक्सीन, आणि मधूनमधून रुटाइल या टायटॅनियमच्या खनिजाचे बारीक दाणे. ते दाणे लक्षात ठेवा. सुटलेलं पाणी वरच्या तापलेल्या प्रावरणात शिरतं.

त्या खोलीवर कोरडं प्रावरण वितळायला साडेचौदाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि तेवढं तिथे नसतं. पाणी मिळालं की तोच दगड हजार अंशांच्या आसपास पाझरायला लागतो. नेमका आकडा किती खाली, यावर प्रयोगशाळांत अजून हमरीतुमरी चालते, पण शेकड्यांनी खाली येतो हे निर्विवाद. मुलांना पॉट आईस्क्रीम आठवायला सांगा, किंवा त्यांच्या आजीला विचारायला सांगा. लाकडी पिंपातल्या बर्फात खडेमीठ टाकलं की बर्फ शून्याच्या खालीही पाणी होतो. त्याला कुणी आच दिलेली नसते. प्रावरणाच्या बाबतीत मिठाचं काम पाणी करतं. अल्यूशियन बेटांवर काम करणाऱ्या रॉबर्ट कोट्स यांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं की खाली सरकलेल्या कवचातून पाणी आणि लवकर वितळणारा माल वरच्या प्रावरणाला मिळत असावा. तेव्हा भूपट्टांचा सिद्धांत अजून मांडलाही गेला नव्हता.

पाणी वितळवतं एवढंच असतं तर माझ्यासारख्यांना कामच उरलं नसतं. हे पाणी रिकाम्या हाताने वर जात नाही. आणि कुणाला सोबत नेतं, कुणाला मागे ठेवतं, यात त्याच्या आवडीनिवडी ठाम आहेत.

यासाठी तुमच्या दाराशी जांभ्याची चिरेखाण आहे. जांभा काय आहे? काळ्या बेसाल्टवर लाखो वर्षं पाऊस मुरला, त्याने सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरीचशी सिलिका धुऊन नेली. जे विरघळायला तयार नव्हतं ते जागेवर राहिलं: लोह, अॅल्युमिनियम, टायटॅनियम. टायटॅनियम किती हट्टी आहे ते बघायचं तर रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जा. वाळूतले काळे पट्टे दिसतात ते बरेचसे इल्मेनाइटचे, म्हणजे लोह आणि टायटॅनियमचं खनिज. डोंगर झिजले, नद्यांनी सगळं वाहून आणलं, लाटांनी चाळलं, तरी ते दाणे दाणेच राहिले. मूठभर वाळू कागदावर पसरा, खालून चुंबक फिरवा. जे दाणे तुरुतुरु उठून मागे धावतील ते बहुतेक मॅग्नेटाइटचे. इल्मेनाइट साध्या चुंबकाला नीट दाद देत नाही, ते मागे राहील.

शंभर किलोमीटर खाली असाच निवाडा होतो, पण पावसाच्या जागी सातआठशे अंशांचं, प्रचंड दाबाखालचं, खनिजांनी भारलेलं पाणी असतं. ते बेरियम, रुबिडियम, सीझियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, शिसं, युरेनियम, बोरॉन घेऊन वर जातं. नायोबियम, टँटलम आणि टायटॅनियम मागे राहतात, कारण एकतर ते पाण्यात जेमतेम विरघळतात, आणि दुसरं म्हणजे रुटाइलच्या त्या बारीक दाण्यांनी त्यांना कवटाळलेलं असतं. (जांभ्याची उपमा एका बाबतीत फसते हे आधीच सांगते: पावसाने धुतलेला माल समुद्रात निघून जातो, इथला धुतलेला माल वरच्या प्रावरणात मुरतो. कुणीतरी हुशार पोरगं विचारेलच.)

म्हणून बॅरन बेटासारख्या ज्वालामुखीच्या दगडाचा आलेख काढला, मूलद्रव्यं ठराविक क्रमाने मांडली, की बेरियम, पोटॅशियम, शिसं यांची शिखरं दिसतात आणि नायोबियम-टँटलमपाशी खड्डा पडतो. महासागराच्या मधल्या डोंगररांगेवरच्या बेसाल्टमध्ये सिरियम शिशाच्या साधारण पंचवीसपट असतं. ज्वालामुखी कमानींच्या, म्हणजे सबडक्शनवर उभ्या राहिलेल्या बॅरनसारख्या ज्वालामुखींच्या रांगांच्या, दगडांत ते बहुधा दहापटीच्या खाली येतं. सिरियम कमी झालेलं नसतं, शिसं वाढलेलं असतं.

तुमच्या विद्यार्थ्याचं उत्तर इथे आहे. त्या लाव्हाचं अंग, म्हणजे मॅग्नेशियम, निकेल, क्रोमियम, बरंचसं लोह, हे वरच्या प्रावरणाचं. खालून आलेला वाटा वजनाने अगदी थोडा. पण शिसं, बेरियम, सीझियम यांसारख्या, प्रावरणात मुळात नगण्य असलेल्या मूलद्रव्यांचा हिशेब केला तर मोठा हिस्सा खालचा निघतो. सोलकढीत सोलं किती, तर मूठभर. पण रंग आणि चव कुणाची ते सांगायला नको.

गाळाचं वेगळं सांगायला हवं. पाणी सगळं नेऊ शकत नाही. थोरियम आणि हलकी विरळ मृदा मूलद्रव्यं साध्या पाण्याला फारशी दाद देत नाहीत. त्यांना वर आणायला गाळ स्वतः थोडा वितळावा लागतो, आणि गाळ बेसाल्टच्या आधी वितळतो. म्हणून एखाद्या दगडात बेरियम चढलं पण थोरियम नाही, तर पाण्याने काम केलं असं मी म्हणते. दोन्ही चढली असतील तर गाळाच्या रसाचा, म्हणजे वितळलेल्या गाळाचा, हात. फार खोल गेल्यावर पाणी आणि रस यांतला भेदच पुसला जातो, दोन्ही एकजीव होतात. शाळेत एवढ्या खोलात जाऊ नका. बेसाल्टी कवच स्वतः वितळतंच नाही असंही नाही. तरुण, अजून न निवलेला समुद्रतळ खाली गेला तर वितळतो, आणि त्या दगडांना अल्यूशियन साखळीतल्या अॅडॅक बेटावरून अॅडकाइट म्हणतात. तो अपवाद.

गाळ खरोखर वर येतो याचा पुरावा मला अजूनही चकित करतो. वातावरणात विश्वकिरणांच्या माऱ्याने बेरिलियम-१० तयार होतं, पावसाबरोबर समुद्रात पडतं आणि तळाच्या चिखलात साठतं. त्याचं अर्धायुष्य सुमारे १४ लाख वर्षं. पृथ्वीच्या पोटात ते असण्याचं काहीच कारण नाही, जुनं असतं तर कधीच संपलं असतं. १९८० च्या दशकात ते ज्वालामुखींच्या ताज्या लाव्हात सापडलं, निकाराग्वामध्ये भरपूर, मारियानात नाही. म्हणजे आभाळातून पडलेला अणू समुद्रतळावर बसला, खंदकातून खाली गेला आणि लाव्हातून परत आला, तोही सुमारे एक कोटी वर्षांच्या आत. पट्टातून प्रावरणात आणि तिथून पृष्ठभागापर्यंतचा शेवटचा टप्पा तर त्याहून फार वेगाने होतो. टोंगासारख्या ठिकाणी रेडियम-२२६ चा जो जादा अंश सापडतो, त्याचं अर्धायुष्यच सोळाशे वर्षं आहे, म्हणजे हा टप्पा काही हजार वर्षांतच उरकत असणार.

आता प्रावरणाचं काय होतं ते. ज्वालामुखीने खालून उचलून आणलेले प्रावरणाचे तुकडे कधीकधी लाव्हात अडकलेले मिळतात, कामचात्काच्या अवाचा ज्वालामुखीतले प्रसिद्ध आहेत. भिंगाखाली धरले तर हिरव्या ऑलिव्हिनमधून पायरॉक्सीनच्या शिरा गेलेल्या दिसतात. सिलिका घेऊन आलेल्या द्रवाने ऑलिव्हिन खाऊन पायरॉक्सीन केलेलं असतं. त्यांच्या आसपास अँफिबोल, कुठे अभ्रक, म्हणजे पाणी आणि पोटॅशियम मुक्कामाला राहिल्याच्या खुणा. मुरलेल्या लोणच्यात फोड फोडच राहते, पण ती कैरी उरत नाही, तसं.

दुसरा बदल नजरेत न येणारा, पण पैशाचा. या प्रावरणातून आलेल्या रसात त्रिसंयुजी लोहाचं प्रमाण जास्त असतं, म्हणजे तो अधिक ऑक्सिडीकृत असतो. त्यामुळे गंधक सल्फाइडऐवजी बरंचसं सल्फेट म्हणून राहतं, आणि तांबं-सोनं खालीच सल्फाइडबरोबर गाळात बसून न जाता रसाबरोबर वर येतं. जगातले मोठे तांब्याचे साठे ज्वालामुखी कमानींत आहेत त्याचं हे एक कारण. मकरानच्या मागे बलुचिस्तानात सैंदक आणि रेको दिक आहेत ते उगाच नाही.

स्फोटकपणाही यातूनच. ऑलिव्हिनच्या स्फटिकात अडकून राहिलेल्या काचेच्या सूक्ष्म थेंबांत पाणी मोजलं तर कमानींच्या बेसाल्टी रसात सरासरी चार टक्क्यांच्या आसपास भरतं. महासागराच्या मधल्या रांगेवर ते पाव टक्का असलं तरी जास्त. चार टक्के पाणी वर येताना वाफ होतं आणि दगडाच्या ठिकऱ्या उडवतं. आपला सह्याद्री घडवणारा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून बाहेर पडून पसरत गेला, म्हणून घाटात थरावर थर आडवे दिसतात. त्याचं मूळ प्रावरणातून वर आलेल्या उष्ण झोतात आहे, कुठल्या पट्टाच्या सबडक्शनमध्ये नाही.

आता एक ताकीद, कारण तुमचा विद्यार्थी पुढे याच विषयात आला तर उपयोगी पडेल. नायोबियमचा खड्डा दिसला की सबडक्शन, असं समीकरण लावू नये. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढताना लागणाऱ्या अंबेनळी घाटावरून नाव पडलेला लाव्हा बराच निर्मळ आहे, त्याचं स्ट्रॉन्शियमचं समस्थानिक गुणोत्तर (स्ट्रॉन्शियमच्या दोन वेगळ्या वजनांच्या अणूंचं प्रमाण, जुन्या खंडीय कवचात ते जास्त असतं) ०.७०४ च्या आसपास. पण त्याच सह्याद्रीत बुशे नावाचा थर आहे, त्यात ते ०.७१३ च्या वर जातं आणि आलेखात खड्डाही दिसतो. कारण तो रस वर येताना खंडाचं जुनं कवच पचवून आला, आणि खंडीय कवचाच्या अंगातच तो खड्डा असतो. बुशेचा आलेख बिननावाचा हातात दिला तर चांगले चांगले फसतील.

मी स्वतः उलट्या बाजूने फसले आहे. नोकरीच्या सुरुवातीला अंदमानचे काही नमुने एका प्रयोगशाळेत टंगस्टन कार्बाइडच्या चक्कीत दळून घेतले. आकडे आले, नायोबियम खाली आणि टँटलम वर. दोघं जुळी भावंडं, त्यांचं गुणोत्तर सतराच्या आसपास असायला हवं, माझं आठ. मी आठवडाभर त्यावर मोठमोठे तर्क लढवले, खाली कुठलं खनिज टँटलम सोडत असेल वगैरे. शेवटी एका वयस्क सहायकांनी विचारलं, "ताई, टंगस्टन किती आलंय?" टंगस्टन आभाळाला भिडलेलं, कोबाल्टही. टँटलम पृथ्वीच्या पोटातून आलेलं नव्हतं, चक्कीच्या पात्यातून झिजून आलं होतं. सगळे नमुने पुन्हा अकीकच्या खलात दळले. तेव्हापासून कुणी विचित्र आकडा घेऊन आलं की मी पहिल्यांदा विचारते, दळलं कशात?

खाली गेलेल्या पट्टाचं पुढे काय? पाणी आणि विरघळणारा माल गमावलेला तो एक्लोजाइट भोवतालच्या दगडापेक्षा जड असतो, बुडतच राहतो. त्याच्याकडे नायोबियम शिल्लक, शिसं गेलेलं. आल्ब्रेख्त हॉफमन आणि विल्यम व्हाइट यांनी १९८२ मध्ये मांडलं की हवाईसारख्या महासागरी बेटांखालून वर येणाऱ्या झोतांत असंच जुनं, धुतलेलं समुद्रकवच मिसळलेलं असतं. समस्थानिकांच्या मोजणीने त्याला पुढे बराच आधार मिळाला आहे.

राहिलं उन्हवरे. त्या कुंडाचा बॅरनशी किंवा कुठल्याही ज्वालामुखीशी संबंध नाही. दापोलीचं उन्हवरे असो, राजापूरजवळचं उन्हाळे असो की तुरळ-आरवलीची कुंडं, मुळात ते पावसाचं पाणी. भेगांतून खोल उतरतं, दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापत जातं आणि दुसऱ्या भेगेने लवकर वर येतं. दगडाचा लाव्हा निवून कोट्यवधी वर्षं झाली. पुढच्या वेळी मुलांना घेऊन गेलात तर कुंडाचं पाणी आणि गावातल्या विहिरीचं पाणी दोन बशांत उन्हात आटवून पाहा. कुंडाच्या बशीत जास्त जाड पांढरा थर उरेल. तेही पाणी वाटेत दगडातून काहीतरी उचलूनच आलेलं आहे.